वहीवर नसलेलं नाव

बारामतीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, कारखान्यातली पाळी संपवून तसेच आले होते. अंगाला मळीचा वास, डोळे तारवटलेले. आई लाडवांचा डबा पिशवीत कोंबत होती. तात्या खिडकीशी उभे राहून अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते. बोलायचं असलं आणि जमत नसलं की ते असंच करायचे. गाडी हलली तशी म्हणाले, "मने, आपल्याला येतंय ते झाकून ठिवू नगं. कुणी इचारलं तर सांगायचं." मी मान हलवली. बेंगळुरूची नोकरी लागलेली, मला तेव्हा सगळंच खरं वाटायचं.

त्या दोन बोटांबद्दल सांगायलाच हवं. तात्या साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाच्या रसाचा पाक पॅनमध्ये, म्हणजे एका अजस्र बंद भांड्यात शिजतो आणि त्यात साखरेचा रवा धरतो. तो किती वाढला, पॅन कधी रिकामा करायचा, हे पॅनमननं ठरवायचं. तात्या थेंबभर पाक काचेवर घेऊन उजेडात बघायचे, मग चिमटीत धरून तार ओढायचे. "आजून न्हाय," म्हणाले की सगळे थांबायचे. दिवाळीत आमच्या घरीही तेच. आई चुलीपुढून हाक मारायची, "आवो, बघा की जरा पाक!" आणि तात्या ऐटीत यायचे.

बेंगळुरूत मी सॉफ्टवेअर तपासायला लागले. बिलं काढणारी सिस्टीम कुठं गडबडेल ते आधी हुडकायचं, हे माझं काम. फ्लॅट, कॅब, मीटिंग, दुपारी सांबारभात. सवय होते हो सगळ्याची, उगाच रडगाणं गाणार नाही. आयकार्डावर मात्र नुसतं मनीषा गावडे. मधलं नाव फॉर्मात भरलं होतं, कार्डावर आलंच नाही. मीही विचारायला गेले नाही.

तीन-चार हंगाम गेले आणि कारखान्यात पॅन चालवायला कॉम्प्युटर आला. बाहेरचे इंजिनिअर आले, पॅनमन लोकांना म्हणाले, तुम्ही काय बघता, कसं ठरवता, ते सगळं आम्हाला सांगा. तात्यांचा फोन आला. "बाकीचे म्हणत्यात, आर्धंच सांगायचं. तू काय म्हणतीस?" मी दोन मीटिंगांच्या मधे, हातात डबा. मोठ्या थाटात म्हणाले, "तात्या, झाकून ठेवायचं नाही, हे तुमीच सांगितलेलं ना? जो शिकवतो त्याला कोण काढतंय? काळाबरोबर बदलणाराच टिकतो." हे शेवटचं वाक्य त्याच सकाळी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं. अजून आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तात्यांनी सगळं सांगितलं. सांगितलं काय, शंभर पानी वही भरून दिली. जळका ऊस आला तर काय, शिळा आला तर काय, तार कधी फसवते. पुढच्या हंगामात त्यांचा पॅन त्यांच्यावाचून चालायला लागला. ज्यांनी अर्धं सांगितलं होतं त्यांचे पॅन अधूनमधून अडायचे, मग त्यांना हाका जायच्या. ते राहिले. तात्यांना शाल-नारळ देऊन गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं रजिस्टरात लिहायची. कुणी वाईट चिंतून केलं नाही, हे मलाही कळतं. कळून काय करू?

त्यानंतरच्या दिवाळीला मी घरी, कळस गावाला गेले होते. आईनं पाकाला हाक मारली. तात्या आले, चिमटीत थेंब घेतला, तार ओढली. पुन्हा ओढली. मग आईला म्हणाले, "तूच बघ. मला आता तसं कळत न्हाय." आणि हात धुवून अंगणात जाऊन बसले. मी मागोमाग गेले. "तात्या, माझा राग आलाय का?"

"राग कसला, बाय? दुसऱ्या कुणी सांगितलं आसतं तर मी नसतं ऐकलं. तू म्हणलीस म्हणून सांगितलं."

मला बरं वाटावं म्हणूनच ते तसं बोलले असणार. मी गोठ्यामागं जाऊन पोटभर रडले.

यंदा तीच वेळ माझ्यावर आली. कंपनीनं तपासणीसाठी एआय आणलंय. आठ वर्षांत जे शिकलात ते सगळं लिहून द्या, पंधरा दिवसांत. पुढं आमचं काय, ते कुणी सांगत नाही. कॅन्टीनमध्ये कुजबुज तीच, अर्धंच द्यायचं. मी तीन दिवस कोरं पान उघडून बसले होते. परवा दुपारी न राहवून तात्यांना फोन लावला. मागं ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत होते.

"तात्या, मी काय करू?"

तात्या तिकडे बोटं घासत असणार, मला माहीत आहे.

"सांग समदं," तात्या म्हणाले. "आर्धं सांगून ऱ्हायलेल्यांना मी रोज गेटातनं आत जाताना बघतोय. झाकलेलं कवा उघडं पडंल म्हणून भ्यालेली हायती. पर मने, खाली नाव लिव. म्या वहीवर लिवलं न्हवतं. ती वही हितं समदी वापरत्यात, पर कुणाची हाय ते कुणालाच ठावं न्हाय."

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांनो, घर कुठं असं कुणी विचारलं की मी कळस सांगायचे, मग बेंगळुरू सांगायला लागले, आणि दोन्ही वेळा जीभ अडखळायची. काल सगळं लिहून काढलं. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. शेवटच्या पानावर नाव लिहिलं, मनीषा सोपान गावडे. त्या फॉर्मनंतर आठ वर्षांनी पहिल्यांदा पूर्ण लिहिलं, आणि माझं घर त्या मधल्या नावात आहे हे तेव्हा कळलं. पानाचा फोटो काढून तात्यांना पाठवला.

त्यांचा लगेच फोन आला. "वाचलं," म्हणाले. मग गेटवर गाडी आली, ड्रायव्हरचं नाव लिहायचं होतं, म्हणून फोन ठेवला.