पडद्यावरचं अस्वल मी पळवलं

आयुष्यातला पहिलावहिला सिनेमा मी माझ्याच हाताने बंद पाडला, इतकी मी शहाणी होते. वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. तेव्हा मी बारा वर्षांची. आमच्या जंगलातल्या गावात तंबूचा सिनेमा एकाच संध्याकाळपुरता आला होता. मोह वेचताना अस्वल हाकलायला आम्ही पत्र्याचा डबा बडवायचो. मी बुटकी, म्हणून बसायला तोच डबा घेऊन गेले. पडद्यावर बर्फातून आदिकाळातलं अस्वल उठलं, हे ताडाएवढं! त्याने एका माणसाला पंजात उचललं. आता त्याचं काय होणार म्हणून सगळे श्वास रोखून बसलेले, आणि मी डबा बडवत ओरडले, "हो हो हो! अस्वल!" सवयीने सगळ्या बायाही ओरडत उठल्या, धावपळीत मधला खांब पडला आणि पडद्यासकट तंबू आमच्या डोक्यावर आला. सकाळी सिनेमाची बैलगाडी चिमूरकडे निघून गेली. अस्वलाच्या पंजातल्या त्या माणसाचं पुढे काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी दारात बसून भोकाड पसरलं, तर अंगणात मोह पसरवता पसरवता आजी म्हणाली, "काऊन वं पोरी, अस्वल पळालं ना? मंग आता रडून काऊन राह्यली?"