ताठ पाठ

१७ जून २००६, शनिवार. सकाळपासून घोडीला खरारा करत होते. गिऱ्हाईक दहाला येणार होतं.

न्यूझीलंडात, ऑकलंडच्या दक्षिणेला पापाकुराच्या पुढे भाड्यानं घेतलेलं कुरण, जूनची थंडी, गमबूट घोट्यापर्यंत रुतलेले. रात्रभर कव्हर घालूनही घोडीनं मानेला आणि पोटाला चिखल फासून घेतला होता. पोटाखालचा वाळलेला चिखल नखांनी खरवडला तशी तिची पाठ वर आली. घोड्याच्या पोटाच्या मधल्या रेषेवर खाजवलं की पाठ उचलली जाते. मांजर अंग ताणताना उचलते तशी, पण सावकाश आणि जड. आदल्या हिवाळ्यात तिथं नुसतं बोट लावलं तरी ती लाथ झाडायची. आता कान सैल सोडून उभी होती.

ती विकण्याजोगी झाली ती माझ्यामुळे, हे तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं होतं. तरी हात थांबले नाहीत. चिखलानं भरलेलं जनावर लोकांसमोर उभं करायचं नाही, एवढंच.

घोडी घेतली नवऱ्यानं. त्याला घोड्यातलं काही कळत नव्हतं आणि कळत नसल्याचं काही वाटतही नव्हतं. ऑफिसातल्या साहेबाच्या मुली घोड्यावर बसतात, तर आपली का नको? मुलगी तेव्हा चौदाची होती. पुण्याहून आल्यापासून शाळेत एकटी पडलेली, घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत आणि एका शब्दात उत्तर देणारी. घोडी आली आणि पोरगी बोलायला लागली. माझ्याशी नाही, घोडीशी. तेही मला चाललं.

शिकवायला एक बाई यायच्या. साठीच्या पुढच्या, तोंडानं फटकळ, नेहमी त्याच जुन्या जाकिटात. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझा नवरा स्वतःच्या पोरीला टार्ट का म्हणतो?"

टार्ट म्हणजे उठवळ बाई. मला काही समजेना. मग कुंपणापासून आवाज आला आणि समजलं. तो ओरडत होता, "ताठ! ताठ! अगं ताठ बस!"

मी अर्थ सांगितल्यावर बाई पोट धरून हसल्या. हसणं संपलं तशा म्हणाल्या, "तरीच. घोडी बिघडली ती त्यानंच."

ताठ बस हे आमच्या घरात जेवताना, अभ्यासाला, टीव्हीपुढे, फोटो काढताना, सगळीकडे चालायचं. नवऱ्याच्या वडिलांनी त्याला तसं वाढवलं, त्यानं पोरीला. वाकून बसलेला माणूस त्याला हरलेला वाटतो. त्यामुळे पोरगी खोगिरावर काठी गिळल्यासारखी बसायची आणि लोक म्हणायचे, काय सुंदर बसते.

बाईंनी मला घोडीच्या बाजूनं चालायला लावलं, खोगिराच्या मागे पाठीवर तळहात ठेवून. "बघत बसू नकोस, हाताला काय लागतं ते सांग." हाताला फळी लागत होती. घोडी पाय उचलत होती, पण त्यातलं काही पाठीपर्यंत पोचत नव्हतं. मग त्यांनी मुलीला रिकिबीतून पाय काढायला लावले, लगाम लांब सोडायला लावला, मोठ्यानं गाणं म्हणायला लावलं. थोड्या वेळानं तळहाताखाली काहीतरी हललं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग हलकेच वर. मागचा पाय पोटाखाली आला की त्या बाजूचा स्नायू भरायचा आणि पुढे सरकायचा.

मी सिव्हिल इंजिनिअर. पुण्यात पुलांची कामं केलेली, इथं मातीचे नमुने तपासते. पाठ हा पूल आहे हे मला पटकन पटलं. पण तो वरून उचलला जात नाही. पोटाचे स्नायू खालून आवळतात, धनुष्याची दोरी ओढावी तसे, आणि मग कमान वर येते. वरचा माणूस ताठरला की घोडं दुखू नये म्हणून पाठ खाली टाकतं, डोकं वर काढतं. लांबून ते रुबाबदार दिसतं. नवऱ्याच्या पाकिटात घोडीचा तसलाच फोटो होता.

मी हे त्याला दोनदा समजावलं. तो म्हणाला, "घोडा बसणाऱ्याप्रमाणे चालतो की बसणारा घोड्याप्रमाणे?" मी तिसऱ्यांदा समजावलं नाही. त्याला शनिवारी सकाळी दुसरी कामं लावून दिली. कुरणात मी आणि पोरगी जायला लागलो. चढावर चालवणं, जमिनीवर आडवे टाकलेले वासे ओलांडायला लावणं, शेवटी थोडीशी दुडकी. लीद भरून पोती फाटकापाशी ठेवायचं काम माझं. त्यातलं एक दर आठवड्याला नवऱ्याच्या कढीपत्त्याला खत म्हणून घरी यायचं. इथल्या हवेत कढीपत्ता जगवून दाखवणारा माणूस म्हणून त्याचं आमच्या मंडळींत नाव होतं.

उन्हाळा सरेपर्यंत घोडीची पाठ झुलायला लागली. पोरीचीही. एकदा घरी परतताना ती गाडीत पाय वर घेऊन, वेडीवाकडी बसून, सगळा रस्ता बडबडत आली.

मग नवरा एका शनिवारी बघायला आला. बराच वेळ कुंपणाशी उभा राहिला आणि म्हणाला, "चांगली चालायला लागली की! आता भाव येईल." पुढचं वर्ष अभ्यासाचं, घोडी आत्मविश्वासासाठी घेतली होती, आत्मविश्वास आला. जाहिरात देऊन मोकळा झाला. मी भांडले. कागदावर घोडी त्याची होती. पोरगी काहीच बोलली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गिऱ्हाईक अल्बनीहून आलं. चाळिशीची बाई, मोटारीमागे फ्लोट, म्हणजे घोडा न्यायची गाडी, जोडूनच आलेली. "कोण चालवून दाखवतंय?" तिनं विचारलं. पोरगी चढली. नवरा कुंपणाशी गेला आणि सवयीनं ओरडला, "ताठ!"

पोरीनं वळून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ती ताठ बसली.

तो सांगायचा तश्शी. खांदे मागे, कमरेत लोखंड, टाचा खाली रेटलेल्या. घोडीची पाठ माझ्या डोळ्यांदेखत खाली गेली. डोकं वर, कान मागे, शेपटी चाबकासारखी. दुडकीत तर ती शिलाई मशीनसारखी खटखट चालली. मी तोंड मिटून उभी राहिले. नकोच म्हण, मनात म्हणत होते, नको म्हण आणि जा.

बाई दोन फेऱ्या बघत राहिली. मग पोरीला म्हणाली, "उतर बरं. मी बसून बघते."

ती बसली पोत्यासारखी. लगाम सोडला, हाताची घडी घातली, घोडीला नुसतं चालू दिलं. घोडीनं एकदा मोठ्यानं फुरफुर केली, मान लांबवली, आणि पाठ आली. आम्ही कमावलेली पाठ, जशीच्या तशी.

"स्वीट ॲज," बाई उतरून म्हणाली. म्हणजे इथल्या बोलीत झकास. "घोडी फार छान आहे. पोरीला तेवढं सैल बसायला शिकवा."

"मी तेच सांगत असतो तिला," नवरा म्हणाला.

घोडी फ्लोटमध्ये चढायला जराही अडली नाही. तेही मीच शिकवलेलं.

गाडीत तो खुशीत होता. "बघ, सांगितल्यासारखी बसलीस, काम झालं." पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "येस बाबा. आय सॅट ताठ." त्याला त्यात फक्त मराठी शब्द ऐकू आला. "वा! मराठी!" म्हणाला.

जेवताना ती ताटावर वाकून बसली होती. तो म्हणाला, "ताठ बस गं." ती बसली, आणि सगळं जेवण होईपर्यंत तशीच राहिली. वरणभाताला हात लावला नाही. ती पाठ मी सकाळीच बघितली होती. तिच्यावर तळहात ठेवला असता तर काय लागलं असतं ते मला माहीत होतं. मी ठेवला नाही. तिनं झिडकारला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरण रिकामं करायला एकटीच गेले. निघताना नवरा म्हणाला, "कढीपत्त्याला एक पोतं आण, शेवटचंच आता." मी विजेच्या कुंपणाची पट्टी गुंडाळली, खुंट उपटले, उरलेली लीद फावड्यानं भरली. सगळी पोती रस्त्याच्या कडेला ओळीनं लावली, एका फळकुटावर 'फुकट' असं इंग्रजीत लिहून ते समोर टेकवलं आणि गाडीची डिकी रिकामी घेऊन घरी आले.