तार काढल्यावर वाजला पाहिजे

सायरन वाजला. गावातली कुत्री भुंकायला लागली आणि माझ्या लॅपटॉपवर 'डाऊनलोड सक्सेसफुल' अशी हिरवी पट्टी आली. फोनवर सायरन बसवणाऱ्या आमच्या कंपनीचे नागपूरचे मॅनेजर होते.

"आवाज आला मला. झालं ना? सरपंचांची सही घ्या आणि निघा मॅडम."

तिरोड्याच्या पुढे, वैनगंगेच्या काठावरचं हे गाव. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात मासेमारी करणाऱ्या ढिवर लोकांच्या डांगरवाड्या असतात, म्हणजे रेतीत लावलेले टरबुजांचे आणि काकड्यांचे वेल. माणसं तिथेच झोपड्या घालून राहतात. वरच्या अंगाला बंधारा आहे. त्याची दारं उघडण्याआधी तिथला ऑपरेटर बटण दाबतो आणि इकडे गावात सायरन वाजतो. तो ऐकला की पात्र रिकामं करायचं. पण इकडे खरंच वाजला की नाही, हे तिकडे ऑपरेटरला कळत नाही. त्या संध्याकाळी पाणी सुटणार होतं; त्याआधी वाजेल ती फक्त चाचणी, असं वाड्यांमध्ये सांगून ठेवलं होतं.

सामान आवरताना पाहिलं, तर शेवंताबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात पाणी आलं तेव्हा त्यांचा नवरा वाडीत झोपला होता. सायरन वाजलाच नव्हता. सरपंचांनी हे मला आल्या आल्या सांगितलं होतं, म्हणून मी शेवंताबाईंकडे बघायचं टाळत होते.

"वाजला ना, मावशी," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"मागच्या सालीबी वाजला होता. तुमच्यावानी साहेब आले, वाजवला, गेले. मंग रातभर लाइन गेली. सकाळी लाइन आली, पन हा मुकाच राह्यला."

मागच्या वर्षी सायरन न वाजण्याचं ऑफिसात मला सांगितलेलं कारण होतं 'बोर्डात ओलावा', म्हणजे सायरनच्या सर्किटमध्ये. मी लॅपटॉपची तार काढली. लाइन बंद केली, बॅटरीही सोडवली. थोडं थांबून सगळं परत जोडलं आणि बोर्डावरचं चाचणीचं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. तरी मुकाच.

वाचकांना इथे थोडं समजावून सांगते. या बोर्डाचं डोकं म्हणजे मायक्रोकंट्रोलर नावाची छोटी चिप. तिला दोन प्रकारची मेमरी असते. रॅम म्हणजे पाटी, लाइन गेली की पुसली. फ्लॅश म्हणजे गोंदण, लाइन जावो की राहो, तसंच राहतं. पण गोंदायला गोंदणारी लागते. तिला आम्ही फ्लॅश ड्रायव्हर म्हणतो. तो एक छोटा प्रोग्राम असतो. लॅपटॉपवरचं आमचं डिबगिंगचं, म्हणजे चुका शोधायचं, टूल आधी त्याला चिपमध्ये पाठवतं आणि मग तो जुनं पुसून नवं लिहितो. प्रत्येक चिपची गोंदणारी वेगळी. फ्लॅश कुठून सुरू होते, तिचे कप्पे केवढे, ड्रायव्हरने रॅममध्ये कुठे बसायचं, हे सगळं टूलला सांगावं लागतं.

मागच्या वर्षी नेहमीची चिप मिळाली नाही म्हणून दुसरी लावली होती. तिचा ड्रायव्हर टूलमध्ये नव्हता. तो जुळवण्याची कटकट कुणी घेतली नाही आणि प्रोग्राम सरळ रॅममध्ये उतरवायची सोय करून ठेवली. टेबलावर तपासायला ती बरी असते. कंपनीने मलाही तीच रॅममध्ये उतरणारी फाइल दिली होती.

बंधाऱ्यावरून फोन आला. "मॅडम, पानी सोडू का? वरून फोनवर फोन येऊन राह्यले."

"सोडू नका. सायरन मुका आहे."

"आत्ता तं वाजला म्हने!"

"आता वाजत नाही."

"मंग जिम्मेदारी तुमची."

"माझी. थांबा."

मॅनेजरना सांगितलं तर म्हणाले, "आज रॅममधूनच चालवा. उद्या मोठी बॅटरी पाठवतो."

"पाणी आज सुटतंय, सर," म्हणून मी फोन ठेवला. भयंकर राग आला होता.

चिपची माहितीपुस्तिका मोबाइलवर उघडली. रेंज रडतखडत. सगळे आकडे भरले, प्रोग्राम लिहिला, पण पडताळणीत चूक निघाली. मी कप्प्याचा आकार जुन्या चिपचाच धरला होता आणि हिचे कप्पे दुप्पट होते. तो बदलला, सगळं पुसून पुन्हा लिहिलं. या वेळी पडताळणी बरोबर आली. तार काढली, लाइन बंद, बॅटरी बंद. सगळं सुरू केलं.

वाजला. पुन्हा बंद करून पाहिलं. तरी वाजला. मग ऑपरेटरला म्हटलं, आता तुमचं बटण दाबा. तिकडून दाबल्यावरही वाजला.

माणसं पात्रातून वर यायला लागली. कुणी खाट डोक्यावर घेतलेली, कुणी लेकरू काखेत. शेवंताबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मागच्या साली काऊन नाही वाजला हा?"

ओलावा म्हणून मोकळं होता आलं असतं. माझ्याच्याने ते झालं नाही. "प्रोग्राम पक्का लिहिलाच नव्हता, मावशी. लाइन गेली, बॅटरी संपली आणि पुसला गेला."

"म्हंजे त्या साहेबानं जाताना एकडाव लाइन बंद करून पाह्यली असती तं?"

"तर तेव्हाच कळलं असतं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पात्राकडे बघत राहिल्या. पात्र रिकामं झाल्यावर दारं उघडली होती आणि रेतीवरून पाणी पुढे येत होतं.

रिपोर्टात मी खरं कारण लिहिलं. मॅनेजर अजून नीट बोलत नाहीत, न बोलोत. एवढंच सांगते, हिरवी पट्टी दिसली म्हणजे काम झालं असं नसतं. तार काढा, लाइन बंद करा, परत सुरू करून बघा. एक कप चहा प्यायलाही याहून जास्त वेळ लागतो.