कोपरा फाटलेलं कार्ड

परवा ट्रंकेत जुनं कोरं पोस्टकार्ड सापडलं, अन् मलकापूरच्या मावशीची ओसरी डोळ्यांपुढे आली. तेव्हा मी तिच्याकडे राहायले होते. तिकडे घरी, मोताळ्याले, बाबा माझी सोयरीक जुळवत होते, मले तर शिकायचं होतं. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून बाबांना कार्ड लिहिलं. त्याचा कोपरा बकरीनं खाल्ला, तरी तसंच टाकलं. अन् कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे तेव्हा मयताची खबर! बाबांनी न वाचताच बैलगाडी जुंपली.

“जित्ती हायेस व?” दारातच त्यांनी माझं तोंड चाचपलं. हाताले सरकीचा वास होता.

मी एका दमात बोलले, “हाव. मले लग्न नाही करायचं, शिकायचं हाये.”

“एवढंच? पाहुण्यायले नाही म्हणून सांगतो. पाणी आण.”

मेली समजून धावत आलेल्या बापाले जित्या पोरीचं कोणतं म्हणणं जड वाटणार होतं, हे मले आता कळते.