समजल्याशिवाय पान नाही

त्या संध्याकाळी कमल आणि मी विहारातून सोबतच परतलो. वाटेत तिनं कुंपणावरच्या वालाच्या शेंगा तोडून पदरात घेतल्या. वर्षावासाचा ग्रंथ चालू होता. त्यातला एक परिच्छेद तिनं मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला, तरी माझ्या डोक्यात शिरला नाही. "राहू द्या," ती म्हणाली, "उद्या इथूनच." सकाळी ती उठली नाही.

माझी बायको चौथी शिकलेली. पण मारेगावजवळच्या आमच्या गावात तिनंच विहारात ही रीत पाडली. पावसाळ्यात सगळ्यांनी मिळून ग्रंथ वाचायचा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या बोलीत सांगायचं. एकालाही समजलं नाही तर पान उलटायचं नाही. ग्रंथ जड. एकच ग्रंथ कितीतरी पावसाळे चालला. बाप्ये चिडवायचे, "कमलबाई, पुढच्या जन्मी तरी होते का पुरा?"

"पुढचा जन्म मानता कायले? मांगच्याच पानावर वाचलं न. झोपले होते काय?"

मी नुसती मान हलवली की म्हणायची, "मान बैलबी हालवते. तोंडानं सांगा."

शोकसभेत विहाराचा अध्यक्ष मिलिंद उभा राहिला. शेजारचाच पोरगा, शाळेत मास्तर आहे. काकूंच्या स्मरणार्थ आश्विन पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण करायचाच, असं म्हणाला. मी तिथंच म्हटलं, "तिच्या नावानं तिचीच रीत मोडता काय?" दुःखात माणूस काहीही बोलतो, असं सगळ्यांनी धरलं. मेलेल्याचा मान ठेवणं सोपं असतं. तो उठून विचारत नाही.

मग मिलिंद माईक लावून वाचत सुटला. कोणी थांबवत नव्हतं, कोणी सांगत नव्हतं. पौर्णिमेला ग्रंथ संपला. कमलच्या फोटोला हार घातला, खीर वाटली, बायका रडल्या. तिच्या हाताखाली वाचायला शिकलेल्या बायकाच होत्या त्या. एकीनंही विचारलं नाही की काय वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलिंदच्या दारी गेलो. तो शाळेत निघायला बूट घालत होता. चहा घ्या म्हणाला.

"चहा नको. कमल गेली तिथला परिच्छेद मले अजून समजला नाई. तुले समजला असन तं सांग."

त्यानं बुटाची नाडी बांधली. मग खाली पाहूनच म्हणाला, "मलेबी नाई समजला, काका. पण आता उशीर होऊन राह्यला."

"जाऊन ये," मी म्हटलं, आणि त्याच्या पायरीवर बसलो.