टोपलीखालचं पीठ

कढईतल्या माणसाचं तोंड उघडं होतं, पण त्यात दात नव्हते... चित्रकार विसरला असावा. आमच्या ओसरीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत नरक टांगलेला होता. कळंबच्या चिंतामणीच्या जत्रेतून मोठ्या बाबांनी तो हौसेने आणला होता. त्यात उकळत्या तेलात तळली जाणारी माणसं होती, करवतीने उभी चिरली जाणारी होती, कावळ्यांनी डोळे टोचलेली होती, आणि मधोमध यम, पंगतीचं वाढप नीट चाललं आहे ना एवढंच पाहायला आल्यासारखा, निवांत बसला होता. दिवाळीनंतर ओसरीलगतच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असे. त्याचा कोमट, सरकीचा, किंचित तेलकट वास भिंतींत, अंथरुणांत, आमच्या केसांत मुरलेला असे. अजूनही कुठे तो वास आला की मला आधी ती कढई आठवते.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते पुरुष. दिवेलागणीला हातपाय धुऊन झाले की ते आम्हा पोरांना त्या चित्रापुढे उभं करत आणि मऊ आवाजात विचारत, "सांग, तुही जागा कोनती?" मग आपण दिवसभरात काय खोडी केली ते आठवून आपली शिक्षा आपणच बोटाने दाखवायची. मी नेहमी कावळे दाखवायचे, कारण डोळे घट्ट मिटले तर त्यांची चोच आत जाणार नाही अशी माझी समजूत होती. माझा भाऊ रडायचा. रडला की मोठे बाबा समाधानाने पान लावायला बसत.

त्यांची बायको, आमची मोठी आई — हाक मारताना आम्ही 'मोठाई' म्हणायचो — या खेळात कधी नसे. तिचा नरक स्वयंपाकघरात होता. एकदा ज्वारीची भाकर करपली, तेव्हा मोठे बाबा चुलीपाशी येऊन उकिडवे बसले, त्यांनी तिचा उजवा हात धरला आणि तापल्या तव्यावर टेकवला. आवाज चढवला नाही. "तिथं याच्याहून जास्त तापते," म्हणाले, "सवय होऊ दे." चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटी तडतडत होती, आणि तो वास... तो मी लिहिणार नाही. पुढे तिच्या तळहातावर रेषा म्हणून उरल्या नाहीत. भाकर थापताना तो हात पुरता उघडत नसे, आणि भाकरीची एक कड कायम जाड राहायची. तेवढ्यावरूनही तिला बोलणी बसत.

मी त्यांचा द्वेष करत होते, आणि हे मी आज मोठ्या वयात समजूतदारपणाचं पांघरूण न घालता सांगते आहे. झोपताना मी त्यांना चित्रातल्या कढईत बसवायचे. एक दिवस नाही, एक वर्ष नाही — कायमचं. सूर्यचंद्र विझले तरी कढई विझू नये, आणि लागली तर पऱ्हाटी सरकवायला मी आहेच, असा माझा विचार होता. त्या विचाराने मला फार गाढ झोप लागत असे.

पळसाची फुलं गळून ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा ते गेले — ओसरीतल्या खाटेवर, बरोबर त्या चित्राखाली. आमच्याकडे अशी रीत आहे की मसणातून माणसं परतली की जिथे प्राण गेला ती जागा सारवायची, तिथे ज्वारीचं पीठ चाळणीने सारखं पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा आणि पिठावर टोपली पालथी घालायची. सकाळी घरातली सगळ्यात मोठी बाई टोपली उचलते. पिठावर जे पाऊल उमटलं असेल तो जन्म मेलेल्या माणसाला मिळाला असं मानतात, आणि ती म्हणेल तेच खरं धरतात. आता घरातली सगळ्यात मोठी बाई मोठी आईच होती. त्या सकाळी आळीतल्या साऱ्या बाया पदर सावरून ओसरीत जमल्या होत्या. कोणाच्या मनात कुत्रा होता, कोणाच्या शेणकिडा. तोंडाने मात्र सगळ्या रामराम म्हणत होत्या.

मोठ्या आईने टोपली उचलली. मी तिच्या कोपराखालून पाहिलं. उंदीर फिरून गेल्यासारखे बारीक ओरखडे होते, बाकी काही नव्हतं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "पाऊल मानसाचं हाय. बाईमानसाचं."

बायांना तिचं मन मोठं वाटलं. माझ्या आईला मात्र राहवलं नाही. भांडी घासताना तिने विचारलंच की अशा माणसाला पुन्हा माणसाचा जन्म कायले दिला. मोठी आई राख चोळत म्हणाली, "नरकात तं सारेच जळतात व. तिथं त्याईले सोबत भेटन. बाई होऊ दे. कोनाच्या तरी चुलीपुढं बसू दे." माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, कारण ही शिक्षा माझ्या कढईपेक्षा हुशार होती.

त्या वेळी आई गरोदर होती, हे बोलताना कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पोळा उलटल्यावर माझी धाकटी बहीण जन्मली, नंदा. मोठी आईच तिला न्हाऊ घालायची. हळद-तेलाचा वास, शेगडीत ओव्याची धुरी, पायांवर पालथं घातलेलं ते लालसर लेकरू... पहिल्याच न्हाणीत तिला नंदाच्या डाव्या कानाच्या पाळीवर काळा डाग दिसला. मोठ्या बाबांनाही तिथेच डाग होता. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून मोठी आई हसली. ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. "आले का, मालक?" ती म्हणाली.

नवऱ्याला ती आयुष्यभर मालकच म्हणत आली होती. आता नंदा मालक झाली. नंदा रांगायला लागली, बोलायला लागली, भूक लागली की चुलीपाशी जायची, आणि मोठी आई तिच्यापुढे भाकरीचा तुकडा धरून मोठ्या अदबीने म्हणायची, "मांगा, मालक. हात जोडून मांगा." नंदाला तो खेळ वाटायचा. ती हात जोडायची, खदखदून हसायची, आणि तुकड्याऐवजी चिमटा मिळाला तरी पुन्हा जवळ जायची. साऱ्या घरात तिचा जीव कोणावर असेल तर तो मोठ्या आईवर. आईने वडिलांना शंभरदा सांगितलं. वडील म्हणायचे, "थो दादाचा अन वैनीचा मामला हाय. तू मधात पडू नको." आपल्या पोटच्या पोरीला ते दादा समजत होते. तिच्याशी बोलताना नजर खाली घालायचे.

नंदा शाळेत जाऊ लागली होती, त्या सुमारास एका दुपारी ती मागून येऊन मोठ्या आईच्या गळ्यात पडली. तव्यावर भाकर होती. ती करपली. मोठ्या आईने नंदाला पुढे घेतलं, मांडीवर बसवलं, तिचा छोटा उजवा हात उघडला. "मालक," म्हणाली, "भाकर करपली. तिथं याच्याहून जास्त तापते..."

आई धावून येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आईने कोरफड फोडून गर लावला, लावताना ती मोठ्या आईला असे शाप देत होती की ऐकवेना. पण मला आठवतो तो नंदाचा आवाज. रडून रडून घसा बसला तेव्हा ती हुंदके देत विचारत होती, "मोठाई, म्या काय केलतं?"  मोठ्या आईला आता तरी शांत वाटेल असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा निवला नाही. पुढे कितीतरी दिवस ती नंदाचा तळहात धरून पाहत राहायची, आपल्या तळहाताशेजारी ठेवून पाहायची, काहीतरी चुकलं आहे पण काय ते कळत नाही अशी. 'मालक' म्हणणं मात्र तिने सोडलं नाही. त्या दिवसापासून मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं की कढईतला तो बिनदातांचा माणूस मला वेगळा दिसू लागला. जळणाऱ्याला आपण काय केलं ते आठवतच नसेल, तर त्या तेलात नक्की कोण तळलं जातं, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि कोणाला विचारायची सोयही नव्हती.

ते चित्र पुढे वाळवीने खाल्लं. आधी यमाला खाल्लं.

मोठी आई गेल्या उन्हाळ्यात गेली. पिकलेलं पान झाली होती. शेवटी तिला नंदाच भरवायची. नंदाने लग्न केलं नाही, ती त्याच घरात राहते, अंगणवाडीत शिकवते. रीतीप्रमाणे ओसरीत पीठ पसरलं गेलं, टोपली पालथी पडली. आता घरातली सगळ्यात मोठी बाई माझी आई. वाकलेली, जाड चष्म्याची, पण त्या दुपारचा एकही शाप न विसरलेली. "पाहून घेते मी तिचं," असं ती आदल्या दिवसापासून पुटपुटत होती. आणि दाराशी भावाची सून उभी होती, आठवा महिना लागलेली, दोन्ही हात पोटावर ठेवून. आई जे म्हणेल ते तिच्या लेकराला चिकटणार, हे तिला घरातल्या सगळ्यांइतकंच ठाऊक होतं. 

आई टोपलीकडे वाकली, पण नंदा आधीच खाली बसली होती. तिने टोपली बाजूला केली. पिठावर काहीतरी उमटलेलं मला दिसलं... पण काय, ते मला समजायच्या आत तिने उजवा तळहात, तो बिनरेषांचा, पिठावर ठेवला आणि सगळं पीठ इकडून तिकडे पुसून सपाट केलं.

"काहून पुसलं व?" आई ओरडली. "काय होतं?"

"काही नाई," नंदा म्हणाली. मग पिठाकडेच पाहत, हळू, "मोठाई, तू नको येऊ आता. कोनाच्याच पोटी नको येऊ." ही माफी होती की सगळ्यात कठोर शिक्षा, हे मला त्या वेळीही कळलं नाही. तिने पीठ सुपात भरलं आणि बांधावर मुंग्यांना टाकून आली.

पुढच्या महिन्यात सुनेला मुलगी झाली. मी बघायला गेले, बाळंतिणीच्या खोलीत तोच ओव्याचा धूर होता, बाळ माझ्या मांडीवर दिलं, आणि माझं बोट आपोआप त्याच्या कानाच्या पाळीकडे गेलं. मग मी त्याची मूठ उघडून तळहात पाहू लागले. समोर नंदा बसली होती. तिने बाळाला कुंची घातली, कान नीट झाकले, आणि त्याला माझ्या मांडीवरून उचलून नेलं.