ओवीच्या पुड्या

"मर्सी, तुझ्या पुड्या सारख्या नाहीत," सावे मॅडम म्हणाल्या.

मॅडम आमच्या हॉस्पिटलच्या बालरोगतज्ज्ञ. मी फार्मसिस्ट. केबिनमध्ये आम्ही दोघीच होतो, तरी मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

"काट्यावर ठेवून बघा ना मॅडम."

"चिडू नकोस. बाळ एका वेळी धापा टाकतंय, दुसऱ्या वेळी सुकल्यासारखं मलूल. डोस कमीजास्त होतोय, दुसरं काय असणार? ऑपरेशनची तारीख मिळालीये. वजन वाढलं नाही तर ते पुढे ढकलतील. आणि किती ढकलायचं यालाही काही हद्द आहे."

बाळ म्हणजे ओवी. फुलपाड्याच्या स्नेहलची मुलगी, हृदयाला भोक घेऊन आलेली. रडायची तेही अर्धंच. सूर लागायच्या आत दम संपायचा आणि ती नुसती तोंड उघडून आपल्याकडे बघत राहायची. मला ते बघवायचं नाही.

तिच्या छातीत पाणी भरू नये म्हणून लघवी वाढवणारं औषध होतं. बाळांसाठी ते पातळ मिळतं, पण तेव्हा आमच्याकडे कुठेच मिळत नव्हतं. होत्या त्या मोठ्या माणसांच्या गोळ्या. अशा वेळी गोळी खलात कुटायची, पावडर वाटून पुड्या बांधायच्या. ऐकायला सोपं आहे. पण एवढ्याशा बाळाच्या वाटणीला येणारी पावडर बोटावर घेतली तर दिसणारही नाही. ती काट्यावर ठेवली आणि मी जवळ श्वास सोडला तरी आकडा हलतो. पंखा चालू असेल तर विचारायलाच नको.

मग आम्ही तिच्यात भर घालतो. दुधातली साखर असते, लॅक्टोज, पांढरी आणि निरुपद्रवी. जेवढी औषधाची पावडर तेवढीच साखर घालून आधी खलायचं. मग जे झालं त्याच्याइतकी आणखी. असं वाढवत न्यायचं. सगळी साखर एकदम ओतली तर औषध एका कोपऱ्यात दडून बसतं. नीट मिसळलं की पुडी हाताला लागेल एवढी होते, आणि चार कण इकडेतिकडे झाले तरी बाळाला फरक पडत नाही.

हे काम मला मनापासून आवडतं. मागची छोटी खोली, पंखा बंद, खिडकी बंद. काचेतून ऊन तिरपं आत येतं आणि त्यात पावडर तरंगत राहते. वर जात नाही, खाली येत नाही. बाहेर काउंटरवर कुणी भांडत असलं तरी ते लांब, दुसऱ्याच गावात चाललंय असं वाटतं. खलाचा आवाज गोल गोल फिरतो. गास गावी आमच्या वाडीत लहानपणी मी अशीच विहिरीच्या काठावर पाण्याकडे बघत बसायचे. आई अजून म्हणते, आमची मर्सी जागेपणी झोपते. म्हणू दे. माझ्या पुड्या आजवर चुकल्या नव्हत्या.

त्या दिवशी मी उरलेल्या सगळ्या पुड्या उघडल्या आणि पुन्हा वजन केलं. सारख्या. नवी पावडर केली, पुड्या बांधल्या, तपासल्या. सारख्याच. रागारागात मी स्नेहलला फोन लावला.

"धापा कधी टाकते गं?"

"सकाळी, ताई. औषध दिलं तरी दुपारपर्यंत तसंच. संध्याकाळच्या औषधानंतर मात्र डायपर पुरत नाहीत. रात्री मान टाकून पडते."

"रोज असंच?"

"रोजच."

मी खुर्चीत बसले. सगळ्या पुड्या एकाच डब्यातल्या. सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली, हे पुडीला कसं कळणार?

"औषध तूच देतेस ना?"

"नाही, आई देतात. माझा हात थरथरतो."

ड्युटी संपल्यावर मी थेट फुलपाड्याला गेले. दार आजींनी उघडलं. स्नेहलच्या सासूबाई, गुहागरकडच्या. नातीसाठी गाव सोडून आलेल्या. घरात इतकी शांतता होती की मीही चपला हळूच काढल्या. पडदे ओढलेले, ओवी दुपट्यात झोपलेली, धुरीचा वास. उन्हाची एक पट्टी जमिनीवरून तिच्या पायापर्यंत आली होती. दोन मिनिटं मी कशासाठी आले तेच विसरले.

"संध्याकाळच्या औषधाची वेळ झाली," आजी म्हणाल्या आणि ओट्यावरून सहाण घेऊन आल्या. त्यावर स्वच्छ फडकं झाकलेलं होतं. सहाण म्हणजे बाळगुटी उगाळायचा दगड.

"आजी, हिच्यावर काय करता?"

"पुडी उगाळते. उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन थेंब घालते, बोटाने निपटते, बोंडल्यात घेते, वर आईचं दूध."

"का?"

"का म्हणजे? उगाळल्याशिवाय पोरीच्या अंगी कसं लागेल गो? डॉक्टरीण म्हणाली गुटी बंद, बंद केली. पण औषध म्हणून कोरडीच पूड पोटात ढकलू?"

"सहाण धुता कधी?"

"रात्री. सकाळची नुसती झाकून ठेवते. चांगलं औषध आहे, सांडायचं कशाला? संध्याकाळी जास्त पाणी घालून सगळं निपटून घेते."

माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. पण तोंडाने सांगितलं असतं तर त्यांना मी बोल लावतेय असंच वाटलं असतं. मी स्नेहलकडून चिमूटभर हळद आणि साखर मागितली, तिची पुडी बांधली, सहाण धुऊन पुसली.

"आजी, रोज सकाळी करता तसंच करून दाखवा."

त्यांनी केलं. किती जपून. बोट तीनदा फिरवलं, दगड स्वच्छ दिसत होता. मग मी ओला कापूस घेऊन दगडावर जोरात घासला. कापूस पिवळाधमक झाला.

आजी कापसाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे सकाळचं औषध सहाणच पीत होती," त्या हळूच म्हणाल्या. "आणि संध्याकाळी पोरीला दोन्हीचं एकदम."

स्नेहलचा चेहरा लाल झाला. "आई, तुम्ही एकदा विचारायचं तरी..."

"स्नेहल, थांब," मी म्हटलं. "पुडी कशी द्यायची हे आजींना आपल्यापैकी कुणी सांगितलंच नाही."

आजींनी पदराने डोळे पुसले. सहाण उचलली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून आल्या. "सांग आता," म्हणाल्या. मग मी दाखवलं. पुडी सरळ बोंडल्यात, थोडं दूध, ते पाजायचं, मग त्याच बोंडल्यात पुन्हा दूध फिरवून तेही पाजायचं. आजींनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मॅडमना खालूनच फोन केला. सहाणेचं सगळं सांगितलं.

"उद्या सकाळचा डोस मी वाढवणार होते," त्या म्हणाल्या.

गेटपाशी उभ्या उभ्या मी हिशेब केला. संध्याकाळची पुडी, वर सहाणेवर उरलेलं सकाळच्या वाढीव डोसाचं औषध. त्यापुढचा विचार मी अजूनही करत नाही.

त्यानंतर ओवीचं वजन सावकाश चढलं. तारीख पुढे ढकलावी लागली नाही.

तेव्हापासून मी पुड्या काउंटरवर कुणाच्याही हातात देत नाही. बाळाला औषध कोण पाजतं ते विचारते आणि त्या माणसाला बोलावून घेते. लोक कुरकुरतात. मी ऐकत नाही. पुडीचं वजन मला कळतं, पोटात किती गेलं ते मला कळत नाही.

ऑपरेशननंतर बऱ्याच दिवसांनी मी मागच्या खोलीत पुड्या बांधत होते. पंखा बंद, ऊन आत आलेलं. आजींचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मर्सी, ऐक गो," एवढंच म्हणाल्या आणि फोन ओवीच्या तोंडाशी धरला.

ओवी रडत होती. छाती भरून, एका दमात, थांबायचं नावच नाही. खोली दणाणली. मला हसू आलं, रडूही आलं.

काट्यावरचा आकडा हलला. त्या पुडीचं मी पुन्हा वजन केलं.